बिनभोकाचे छज्जे

यासीनभाई, काल मी गाडीचे चारही छज्जे काढले. स्वतः काढले, वारजेच्या घरासमोर, खाली गोणपाट टाकून. तुम्ही शेजारी नसताना मी हे काम पहिल्यांदाच करत होते, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तुम्ही शेजारी नसताना ते एकदा केलं होतं मी. त्याबद्दल तुम्ही हयात असताना एक अक्षर बोलले नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भवानी पेठेतल्या तुमच्या गल्लीत आता पत्रा ठोकणाऱ्या मोगरीचा आवाज येत नाही. दुकानाचं शटर खाली आहे, पण पाटी तशीच आहे: ‘डेंटिंगचे काम करून मिळेल. घाई असल्यास पुढच्या गल्लीत जावे.’ मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी पहिल्यांदा ही पाटी वाचली आणि मनात म्हटलं, माणूस चांगला दिसतो.

तुम्ही मात्र मला पाहून तसं काही म्हटलं नसणार. पिकलेले केस, सुती साडी, बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं वागवलेली पिशवी. मी सांगितलं, “जुनी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आहे. मडगार्डवर फ्लेअर बसवायचे आहेत.”

“कशाला?”

“शर्यतीसाठी.”

“कोण धावणार?”

“मी.”

तुम्ही हातातली हातोडी खाली ठेवलीत. “गाडीत बसून ना?”

मी हसले नाही. तुम्हीही हसला नाहीत. तिथून आपली ओळख सुरू झाली.

मी तुम्हाला सगळं रीतसर समजावून सांगितलं. रुंद टायर घातले की वळणावर गाडी रस्ता धरून राहते. पण रुंद टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतात, आणि शर्यतीचा नियम असा की वरून पाहिलं तर टायर दिसता कामा नये. म्हणून मडगार्डच्या कमानीवर बाहेरून जादा पत्रा जोडायचा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “म्हणजे छज्जा. खिडकीवर असतो तसा.” तेहतीस वर्षं सरकारी इमारतींवर छज्जे काढण्यात घालवूनही मला हा शब्द सुचला नव्हता. त्या दिवसापासून फ्लेअर हा शब्द आपल्यात कोणी उच्चारला नाही.

मग मी चूक केली. म्हणाले, “मडगार्डला आठ-आठ भोकं पाडा, रिव्हेट मारा. रविवारपर्यंत होईल.”

तुम्ही उठून गाडीपाशी गेलात. डाव्या मडगार्डच्या कडेवरून आतल्या बाजूनं बोटं फिरवलीत, बराच वेळ, डोळे मिटून. “हा पत्रा मशीनवरचा नाही, हातानं ठोकलेला आहे. ठोकणारा कुठला कोण, मला ठाऊक नाही. पण त्यानं दोन दिवस तरी जेवण वेळेवर घेतलं नसणार. याला भोक मी पाडणार नाही.”

“भोक पाडायला असा किती वेळ लागतो?”

“भोक पाडायला ड्रिल लागतं. न पाडायला डोकं लागतं. माझ्याकडे ड्रिल नाही.”

“मग भिंतीवर ते काय लटकतंय?”

“ते शोभेचं आहे.”

हा वाद आपण सहा वर्षं घातला. मी म्हणायची, नुसत्या पकडीवर बसवलेला पत्रा वेगात वाऱ्यानं उडून जाईल. मी कागदावर हिशेब मांडून आणला, वाऱ्याचा दाब, पकडीचा जोर, सगळं. तुम्ही त्यावर चहाचा कप ठेवलात. “गणित छान आहे. अक्षरही छान आहे,” म्हणालात.

छज्जे करायला तुम्ही अडीच महिने घेतलेत, आणि ते अडीच महिने माझ्या निवृत्तीतले सगळ्यात सुखाचे होते. आधी मडगार्डवर रविवारच्या वर्तमानपत्राची पानं चिकटवून माप काढलंत. डाव्या पुढच्या चाकावर वधू-वरांच्या जाहिराती आल्या, आणि तुम्ही कात्री चालवता चालवता वाचून दाखवलंत: “उंच, गोरी, गृहकृत्यदक्ष. नेमकं वळणावर आलंय, हिला कापावं लागणार.” मग वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायला बसलात. एका जागी दोन घाव नाहीत. पत्रा हळूहळू फुगायचा, गोल व्हायचा. मी स्टुलावर बसून बघायची. घरी कोणी विचारलं तर सांगायची, कामाला गेले होते.

डावा आणि उजवा छज्जा सारखा झाला नाही तेव्हा मी पट्टी घेऊन भांडायला आले. तुम्ही गाडीचं मडगार्ड मोजायला लावलंत. गाडीच दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती, बोटभर फरक होता. “तुमचे दोन कान सारखे आहेत का? कधी मोजलेत?” मी घरी जाऊन आरशात पाहिलं. नाहीत.

आणि ती पकड. मडगार्डची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते. तुम्ही त्या कडेला चिमट्यासारखे धरणारे सहा लहान पोलादी तुकडे केलेत, मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे रंगाला ओरखडा नको. छज्जा त्या तुकड्यांना बोल्टनं जोडायचा. मूळ मडगार्डला सुईएवढंही भोक नाही. शर्यत झाली की छज्जे काढून ठेवायचे, गाडी जन्माला आली तेव्हा होती तशी पुन्हा. फक्त एक गोष्ट तुम्ही मला दर वेळी सांगायचात, अगदी शाळेतल्या पाढ्यासारखी म्हणवून घ्यायचात: बोल्टाचं गुळगुळीत डोकं टायरकडे, शेपूट बाहेर. शेपूट टायरकडे राहिलं तर गाडी दबली की टायर कापणार.

पहिला छज्जा बसला तेव्हा तुम्ही त्याला दोर बांधलात आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलंत. “ओढा. काढून दाखवा.” मी दोन्ही पाय रोवून ओढलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती. गाडी हलली, दोन हात पुढे आली, छज्जा हलला नाही. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, “हिशेबाचा कागद आहे का अजून? कप ठेवायला हवा होता.”

मांजरीच्या रस्त्यावर आपण पहाटे गाडी पळवून बघायला गेलो, आठवतं? दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढे उसानं भरलेली ट्रॉली. मी तिला मागे टाकलं तेव्हा ट्रॅक्टरवाला ओरडला, “म्हातारे, सावकाश!” तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालात, “मला म्हणतोय.”

त्या दिवशी परतताना तुम्ही विचारलंत, “ताई, खरं सांगा. या वयात हे कशाला?” तोपर्यंत तुम्ही मला मॅडम म्हणायचात. मी तुम्हाला आप्पांबद्दल सांगितलं. माझे वडील कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. ही गाडी डॉक्टरांची. आप्पांनी ती धुवायची, पुसायची, पेट्रोल भरून आणायची, बस्स. डॉक्टर परदेशी मुलीकडे कायमचे निघाले तेव्हा त्यांनी किल्ली आणि कागद आप्पांच्या हातात दिले. ज्यांच्या वडिलांना गावात पायातल्या वहाणा हातात घेऊन चालावं लागलं होतं, त्यांच्या दारात ती गाडी आली. आणि आप्पांनी ती कधी तिसाच्या वर नेली नाही. विहारात जायचं तरी गाडी बाहेर काढायचे, पण अशी चालवायचे की सायकलवाले पुढे जात. मी म्हणायची, आप्पा, आता आपली आहे. ते म्हणायचे, “असू दे. कुणी बघेल, म्हणेल उतावीळ झालेत.”

 हडपसरचा पूल आल्यावर म्हणालात, “मग पळवा तुम्ही. चांगली पळवा. भोक मात्र नाही.”

शहरापासून दीड तासावरच्या शर्यतीच्या धावपट्टीवर आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा तुम्ही घडीची खुर्ची, घरून भाभींनी दिलेला डबा आणि बुधवार पेठेतून आणलेलं स्टॉपवॉच घेऊन बसला होतात. जुन्या गाड्यांच्या गटात सात जण होते. मी चौथी आले. उतरून तुमच्यापाशी आले. तुम्ही घड्याळ बघून गंभीरपणे म्हणालात, “तुमच्यापुढे तिघं. त्यातले दोघं तुमच्या नातवंडांच्या वयाचे, ते धरायचे नाहीत. म्हणजे तुम्ही दुसऱ्या.” मग भाभींच्या हातचे शामी कबाब खाल्ले आपण, गाडीच्या सावलीत. इतकी भूक मला कॉलेजात असतानाही लागली नव्हती.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

तिसऱ्या वर्षी सकाळी तपासणी झाली. तपासनीस साहेबांनी चारही चाकं, ब्रेक, छज्जे पाहिले आणि सही केली. नियम स्पष्ट होता: सहीनंतर गाडीवर काही उघडायचं नाही, उघडलं तर त्यांना परत बोलवायचं. दुपारी तुम्ही नमाजासाठी पलीकडच्या लिंबाखाली गेलात. माझा नंबर जवळ आला होता. गाडी रांगेत पुढे घेताना मला डाव्या पुढच्या चाकापाशी टायर घासल्यासारखा वाटला. तुमची वाट पाहायला हवी होती. साहेबांना बोलवायला हवं होतं. मी पाना घेतला, छज्जा काढला, आत पाहिलं, काही नव्हतं, परत लावला. पाच मिनिटं. सहा बोल्ट. त्यातला एक मी उलटा घातला.

धावपट्टीच्या टोकाला मी ब्रेक दाबला, गाडी पुढे दबली, आणि टायर फुटल्याचा आवाज आला. पुढचं सगळं गरगरलं. गाडी रचून ठेवलेल्या टायरांच्या ढिगात जाऊन थांबली. मी पट्ट्यानं घट्ट बांधलेली होते, मला खरचटलंसुद्धा नाही. डावं मडगार्ड चुरगळलं होतं. तो हातानं ठोकलेला पत्रा.

तुम्ही पळत आलात. सत्तरीच्या माणसाला मी तसं पळताना पाहिलं नव्हतं. तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत, डोकं, हात, पाय. मग खाली वाकून चाकाच्या आत बघितलंत. तुम्हाला दिसलं. तुम्ही वर पाहिलंत तेव्हा मला कळलं की तुम्हाला दिसलंय.

मागोमाग तपासनीस साहेब आले. त्यांनीही वाकून पाहिलं. “हा बोल्ट सकाळी असा नव्हता. तपासणीनंतर कोणी उघडलं?”

चालकानं उघडलं असेल तर चालकाला दोन वर्षं बंदी. हे आपल्या तिघांनाही माहीत होतं.

मी बोलणार होते, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण यासीनभाई, मी तोंड उघडलं नव्हतं.

“मी उघडलं,” तुम्ही म्हणालात. “टायर घासत होता.”

“नियम माहीत नाही तुम्हाला? आणि उलटा बोल्ट?”

“वय झालं. चुकलं.”

त्यांनी तुमचा पास काढून घेतला. मदतनीस म्हणून पुन्हा आत यायचं नाही असं सांगितलं. तुम्ही घडीची खुर्ची मिटलीत आणि फाटकाकडे चालायला लागलात. मी गाडीपाशी उभी होते, गाडी ओढून नेणाऱ्याची वाट बघत.

तुम्ही ते मडगार्ड तीन आठवड्यांत सरळ केलंत. मी एक दिवस धीर करून सुरुवात केली, “यासीनभाई, त्या दिवशी…” तुम्ही म्हणालात, “हात मोकळा आहे ना? मग हे धरा.” पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा माझ्या हातात दिलात आणि पुढून हातोडी मारायला लागलात. त्या आवाजात कोणाला काय बोलता येणार? थांबलात तेव्हा विचारलंत, “आता तरी पटलं का? का अजून भोकंच पाडायची आहेत?”

“पटलं.”

“खोटं बोलताय.”

कशाबद्दल म्हणालात, ते मी विचारलं नाही.

मग मी आणखी दोन शर्यती धावले. खुर्ची नव्हती, घड्याळ नव्हतं. जुन्या गाड्यांची माणसं तुमच्याकडे यायची बंद झाली, हे मला दिसत होतं. एका मेळाव्यात कोणीतरी म्हणालं, “यासीनभाईंचा हात गेला आता. बाईंची गाडी घालवली ना त्यांनी.” मी तिथेच उभी होते, कॉफीचा कप हातात. मी कॉफी प्यायले. दुसऱ्यांदा कोणी तेच म्हणालं तेव्हाही प्यायले.

त्यातल्या दुसऱ्या शर्यतीत मला तिसऱ्या क्रमांकाचा कप मिळाला आणि तो घेऊन मी तुमच्याकडे आले. दुकानात एका रिक्षाच्या दाराचं काम चाललं होतं. पूर्वी जिथे जुन्या देखण्या गाड्या रांगेनं उभ्या असायच्या, तिथे ते एकटं दार. तुम्ही कप उलटासुलटा करून बघितलात, नखानं टकटक केलंत. “पितळ नाही. कल्हईसुद्धा धरणार नाही,” म्हणालात. पण दिवसभर तो गल्ल्याशेजारी ठेवलात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मला त्या दिवशी तुमच्यासमोर बसवेना.

तुमची छाती गेल्या पावसाळ्यात बिघडली. रुग्णालयात मी सहा-सात वेळा आले. दर वेळी वाक्य तयार असायचं. पण कधी तुमचे मेव्हणे असायचे, कधी नर्स, आणि कधी कोणीच नसायचं, तेव्हा मी तुमच्या पायांवरची चादर नीट करायची. शेवटच्या वेळी तुम्ही तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलंत, “पुढच्या चाकात हवा किती ठेवताय?” मी सांगितली. “दोननं कमी करा,” म्हणालात. एवढं आपलं शेवटचं बोलणं.

जनाजा निघाला तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी इतर बायकांबरोबर उभी होते. माणसं कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. ती माणसं कोण होती ते मी बघत होते. रिक्षावाले, भंगारवाले, टिंबर मार्केटातले हमाल. जुन्या गाड्यांचं कोणी नव्हतं.

गेल्या रविवारी या वर्षीच्या शर्यतीची नावनोंदणी होती. सगळे जमले होते. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. छज्जा मी काढला होता, बोल्ट मी उलटा घातला होता, यासीनभाई तेव्हा नमाजाला गेले होते.   तपासनीस साहेब आता थकलेत. त्यांनी चष्मा काढून पुसला. “बाई, आता सांगून काय उपयोग?”

“त्यांचा हात गेला नव्हता,” मी म्हटलं. “एवढं लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. माझ्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं. मग माझ्या नावापुढे दोन वर्षांची बंदी लिहिली. ती वाचताना त्यांचा आवाज खाली आला. माझं मन, खरं सांगू, त्या वेळी हलकं झालं नाही. जे काम तीन वर्षांपूर्वी एका वाक्यात झालं असतं, ते करून मी बसले होते, इतकंच.

तिथून मी भाभींकडे गेले. दुकानाच्या वरच्या खोलीत त्या इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, तशा. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“हे मला कशाला सांगता, ताई?” त्या म्हणाल्या. “हे त्यांना सांगायचं होतं.”

“हो.”

“मग का नाही सांगितलंत?”

मी कारणं शोधली. ती तुमच्यासाठी मी तीन वर्षं जपून ठेवली होती: तुम्हीच विषय टाळलात, माणसं होती, वेळ नव्हती. भाभींच्या तोंडाकडे पाहून एकही सांगवेना. “मला पुढच्या वर्षी धावायचं होतं,” मी म्हटलं. “तेव्हा तेवढंच होतं डोक्यात. नंतर लाज होती.”

 माफ केलं असं भाभी म्हणाल्या नाहीत, आणि मी ते मागितलंही नाही. ते देणं त्यांच्या हातात नव्हतंच. मग मी विचारलं, अपघात झाला त्या दिवशी ते घरी येऊन काय म्हणाले?

भाभींनी आठवून सांगितलं. “आले. हात धुतले. म्हणाले, अरुणाताईंना काही लागलं नाही. मी म्हटलं, अहो, पण झालं काय? तर परत तेच, ताईंना काही लागलं नाही. जेवायला बसले तेव्हासुद्धा मध्येच एकदा म्हणाले. मी म्हटलं, आणि गाडी?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, गाडीचं काय घेऊन बसलीस. पत्रा आहे तो.”